बिनगडाचा डोंगर

(कुवेतमधल्या मराठी मंडळींच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्या घरच्यांनी मला बजावून ठेवलं आहे, की त्यांचं नाव घेऊन गुणगान करायचं नाही. फोटोला हार घातलात तेवढं पुरे, आता त्यांना जे आवडायचं त्यावर बोला. ही अट मला फार सोयीची आहे. आपण सगळे ज्यांना नुसतं 'काका' म्हणायचो त्या माणसाला आवडायचं चालणं. तेही कुवेतमध्ये. तेही डोंगरावर.

मागच्या दोन रांगांत आत्ता जे हसू पिकलं ते काकांनाही कायम ऐकावं लागायचं. कुवेतमध्ये डोंगर? आपल्यातले बरेच जण नाशिक, पुणे, सातारा, कोल्हापूरकडचे. ज्याच्या घराच्या गच्चीवरून गड दिसतो त्याला इथल्या जमिनीचं कौतुक कुठून असणार? तरी आकडे आधी सांगून टाकतो, म्हणजे हसायचं ते एकदाच हसून होईल. कुवेतच्या उपसागराच्या उत्तर काठाला धरून जाल अझ-झोर नावाची एक धार जाते. लांबी साधारण साठ किलोमीटर. जास्तीत जास्त उंची सुमारे १४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे अकरा जाल अझ-झोर एकावर एक रचले तरी कळसूबाईच्या देवळाला हात लागत नाही. इतक्या लांब कशाला, शहरातला अल हमरा टॉवर चारशे मीटरच्या वर आहे. माणसाने बांधलेलं देवाने बांधलेल्याच्या जवळजवळ तिप्पट उंच, असा हा देश.

पण उंची मोजायची कुठून? समुद्रसपाटीपासून मोजायची असेल तर महाबळेश्वरच्या बाजारपेठेत भेळ खाणारा माणूस मोठाच गिर्यारोहक म्हणावा लागेल. चालणाऱ्याला कळते ती उंची वेगळी. पायाखालची जमीन कुठे संपते आणि ती संपल्यावर किती लांबवर काय दिसतं, एवढंच त्याला कळतं. या मोजमापात जाल अझ-झोर थेट सह्याद्रीच्या कुळातला निघतो, आणि मी हे उगीच सणासुदीचं बोलत नाही.

जुन्नरकडून नाणेघाटाला गेलेले इथे पुष्कळ असतील. घाटघरपर्यंत भाताची खाचरं, सपाटी, चढ असा जाणवतच नाही. आणि मग एकदम जमीन तुटते, खाली कोकण. तेच वैशाखऱ्याकडून वर आलात तर जीव घशाशी येतो. सह्याद्री हा देशावरून पाहिला तर डोंगर नाहीच, तो एका पठाराचा तुटलेला काठ आहे. कोकणातून पाहिला तरच भिंत. जाल अझ-झोरचंही तसंच. अब्दलीकडून, म्हणजे उत्तरेकडून, सपाट रेताड माळावरून गाडी येते आणि आपण उंचावर आहोत याचा पत्ता नसतो. काठावर आलं की माळ संपतो. खाली फाटलेल्या घळी, त्याखाली 'सबखा' म्हणतात ती खारट, चमकणारी चिखलवट, पुढे उपसागराचं उथळ पाणी आणि पलीकडे धुरकटात वीजकेंद्राची धुराडी. तोच काठ जहराच्या बाजूने पाहा. पिवळसर-लालसर भिंत उभी राहते, आणि जिथे शंभर किलोमीटरांत काहीच उभं नाही तिथे ती पुरेशी उंच असते. काका याला 'आपला कोकणकडा' म्हणायचे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची बरोबरी करण्याचा त्यांचा इरादा नव्हता. जमिनीची घडण एकच आहे एवढंच त्यांना म्हणायचं असे.

दगड मात्र पूर्ण वेगळा. सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांमागे थरावर थर चढत गेलेला. त्या कातळावर बूट धरतो, हाताला खाच मिळते. इथे वाळूचा ठिसूळ दगड, मधून चिकणमातीचे थर आणि सगळ्यांत वर गोट्यांचं आवरण. या गोट्यांसाठी खाली वाकायला हवं. मूठभर उचला. दुधी गारगोटी असते, एखादा गुलाबट ग्रॅनाइट असतो, एखादा काळा, गुळगुळीत, लाव्हाच्याच जातीचा. यातला एकही इथला नाही. कुवेतमध्ये ग्रॅनाइटचा डोंगर नाही. हे गोटे शेकडो किलोमीटर पश्चिमेहून, अरबस्तानच्या जुन्या पहाडांतून, एका नदीच्या पाण्याने वाहत आलेले आहेत. आज कुवेत आणि इराकची पश्चिमेकडची सीमा ज्या वादी अल-बातिन नावाच्या कोरड्या खोऱ्यातून जाते ते खोरं म्हणजे त्या नदीचा शेवटचा तुकडा. फारुक अल-बाझ या भूशास्त्रज्ञाने १९९३च्या सुमारास उपग्रहांच्या चित्रांवरून तिचा वाळूखाली गाडलेला मार्ग जुळवून दाखवला. ज्या देशात आज एकही नदी नाही त्या देशाचा डोंगर नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची टोपी घालून बसलेला आहे. नदीने आणलेला गोटा कसा ओळखायचा हे कृष्णाकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. कोपरे झिजलेले असतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. काकांनी तो मला पहिल्याच भेटीत विचारला होता आणि उत्तर देईपर्यंत चहा दिला नव्हता. एवढी साठ किलोमीटरची धार, खाली बंदर, वरून बसऱ्याकडे जाणारी वाट, चारी बाजूंना टोळ्यांची धाड. आपल्याकडे अशा ठिकाणी चार गड आणि दहा चौक्या झाल्या असत्या. इथे या कड्यावर एकही मोठा गड का नाही?

आपल्याकडचा माणूस पटकन म्हणतो, दगड नाही म्हणून. ते अर्धंच खरं. मातीचे कोट इथे बांधत होते; जहराचा लाल कोट, कस्र अल-अहमर, अजून उभा आहे. पण तो कड्यावर नाही, खाली मैदानात आहे. माझ्या मते उत्तर आपल्याच एका ग्रंथात आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाचं प्रकरण आहे, त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावं, पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एकाच झऱ्यावर विसंबू नये, असं बारकाईने सांगितलं आहे. तटाबुरजांच्याही आधी पाणी. सह्याद्रीच्या कातळाला हे जमतं. टाकं खोदलं की ते पाणी धरून बसतं, आणि भरायला वरून पाऊस आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. कुवेतला वर्षाकाठी शंभर-सव्वाशे, तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. जे पडतं ते गोट्यांतून, वाळूतून खाली उतरून जातं किंवा वाफ होऊन. कड्याच्या माथ्यावर पाणी थांबतच नाही. ते थांबतं खाली, जहराच्या विहिरींत, म्हणून खजुराच्या बागा तिथे, म्हणून शेती तिथे आणि म्हणून कोटही तिथे.

१० ऑक्टोबर १९२० रोजी नज्दच्या इख्वान टोळ्या फैसल अल-दुवैशच्या हाताखाली जहरावर चालून आल्या, तेव्हा शेख सालिम अल-मुबारक आपल्या माणसांसह याच लाल कोटात कोंडला गेला. वेढा पडल्यावर आतल्यांना शत्रूइतकीच तहानेचीही धास्ती होती. कुवेत शहरातून आलेल्या मदतीमुळे तो वेढा उठला, आणि ती लढाई इथल्या शाळकरी मुलांना आपल्या पन्हाळ्याच्या वेढ्यासारखी पाठ असते. तुमच्या ऑफिसातल्या कुवेती सहकाऱ्याला एकदा विचारून बघा. पुढचा अर्धा तास तुमचं काम होणार नाही.

पाण्याची ही गोष्ट इथे संपत नाही. कुवेत शहर कितीतरी वर्षं शत्त-अल-अरबचं पाणी गलबतांतून आणून पीत होतं. पन्नाशीच्या दशकात समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने आले. आणि मग कड्यामागच्या पठारावर, उत्तरेला, रौदतैनला जमिनीखाली गोड्या पाण्याचा साठा सापडला. पावसाचं पाणी एका सखल खळग्याकडे वाहत जाऊन, मुरून, खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलं होतं. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, रौदतैनची बाटली घेताना ती कुठून येते हे आपण बघत नाही. ती आपल्याच डोंगराच्या मागल्या अंगणातली आहे. टाकं खोदायला कातळ नव्हता म्हणून निसर्गाने जमिनीखाली टाकं केलं म्हणा हवं तर.

उंचीचा उपयोग या देशाने केला नाही असं मात्र नाही. तो दक्षिणेला केला. फहाहीलच्या मंडळींना अहमदी रोजची आहे. तिथे चढ लागतो हे सायकलवाल्या पोरांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. बुर्गानला १९३८ साली तेल लागलं, १९४६ साली पहिलं जहाज भरलं, आणि तेलाच्या टाक्या बांधल्या त्या अहमदीच्या उंचवट्यावर, शंभरएक मीटरवर. कारण साधं होतं. तिथून तेल आपल्या वजनाने उतरत खाली मिना अल-अहमदीच्या धक्क्यावर जातं, पंपाचं काम वाचतं. त्या काळात तेल कंपनीत मुंबईहून आलेले कारकून आणि कारागीर मोठ्या संख्येने होते. गडावरच्या टाक्याचं पाणी उतारानं खालच्या टाक्यात सोडणाऱ्यांच्या वंशजांनी तेलाची तीच युक्ती पाहिली आणि पगार रुपयांत घेतला. होय, रुपयांत. १९६१ साली दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालायचा.

आता मुतला. जाल अझ-झोरच्या पश्चिम अंगाला ही धार जिथे रस्त्याला वाट देते त्या भागाला मुतला म्हणतात. आपल्या भाषेत खिंड. बसऱ्याकडे जायचं तर इथूनच. जुने काफिले इथूनच, आजचा ८० क्रमांकाचा महामार्ग इथूनच. खिंडीच्या खाली किनाऱ्याला काझमा. इसवी सन ६३३ मध्ये खालिद इब्न अल-वलीदने सासानी सरदार हुर्मुझचा पराभव केला तो काझमाच्या परिसरात. त्या लढाईला साखळ्यांची लढाई म्हणतात. इराणी शिपायांनी पळू नये म्हणून स्वतःला साखळ्यांनी एकमेकांशी बांधून घेतलं होतं अशी कथा आहे. खरी-खोटी ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मुतलावरून खाली पाहिलं की ती लढाई तिथेच का झाली हे मात्र ध्यानात येतं. एका बाजूला समुद्र आणि सबखा, दुसरीकडे कडा, मध्ये विहिरी आणि वाट. सैन्याला दुसरीकडे जायला जागाच नाही.

आणि मग १९९१. २६ फेब्रुवारीच्या रात्री कुवेत सोडून बसऱ्याकडे पळणारं इराकी सैन्य या खिंडीत अडकलं. विमानांनी रांगेची पुढची गाडी अडवली, मागची अडवली आणि मधली मैलोगणती गर्दी मग मारली. लष्करी गाड्या होत्या, तशाच लुटीच्या सामानाने भरलेल्या बस, मोटारी, दुधाचे ट्रकही होते. त्याची छायाचित्रं जगभर छापली गेली. त्या रस्त्याचं नाव पडलं ते तुम्हाला माहीत आहे, मी उच्चारत नाही.

खिंडीत फौज कोंडायची ही रीत आपल्याला ओळखीची आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज अशीच अडकली. पुढची तोंडं बंद, मागची बंद, वरून मारा. फरक पुढे आहे. खान शरण आला, खंडणी आणि सामान टाकून त्याला जाऊ दिलं गेलं. तहानेने व्याकुळ झालेल्या फौजेला वाट मोकळी करून देण्यात आली. मी दोन युद्धांची तुलना करून कुणाला गुण देत नाही. तीनशे तीस वर्षांत हत्यारं बदलली आणि शरण येण्याइतका वेळ देणं हत्यारांच्या स्वभावात राहिलं नाही, एवढं दिसतं. पण उंबरखिंडीत उभं राहिलो की आपण कड्यावरचे असतो. मनातल्या मनात दगड आपल्याच हातात असतो. मुतलावर तसं नाही. तिथे वर उभे असताना आपण कुणाच्याच बाजूचे नसतो. त्यामुळे खालचा रस्ता दिसतो. किती अरुंद आहे, वळण कुठे आहे, एक ट्रक आडवा झाला तर मागच्याला कुठे सुटता येईल, कुठे नाही. इतिहास आपला नसला की भूगोल स्पष्ट दिसतो, असं काका म्हणायचे. ते खरं आहे. पण पुढे मला त्यांच्याकडूनच त्याच्यावर एक तोड मिळाली.

इतिहास आपला नाही, हे तितकंसं खरं नाही. इथे बसलेल्यांत निदान काही जण १९९० सालच्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये होते. २ ऑगस्टला इराकी फौजा आल्या. त्यानंतर भारतीयांना बाहेर काढण्याचा जो प्रचंड खटाटोप झाला त्यातला अम्मानहून मुंबईला येणाऱ्या विमानांचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. एअर इंडियाच्या ४८८ उड्डाणांतून एक लाख अकरा हजारांवर माणसं घरी आली, चित्रपटही निघाला. पण अम्मानला पोचायचं कसं? बसने. कुवेतहून बसरा, बगदाद आणि मग जॉर्डनची सीमा. म्हणजे याच खिंडीतून. काकांची बस मुतला चढली तेव्हा, ते सांगायचे, कुणी बाहेर पाहत नव्हतं. खिडक्यांना पडदे, मांडीवर एकेक पिशवी, वहिनींच्या मंगळसूत्रावर ब्लाउजची आणखी एक गुंडी लावलेली. पुढे सहा महिन्यांनी ज्या वळणावर ती जळालेली रांग उभी राहिली ते वळण त्यांनी डोळे मिटून पार केलं होतं. १९९२ साली कामावर परतल्यावर ते मुतलाला पायी गेले. "ज्या वाटेनं पळालो ती वाट बघून तरी घेऊ," एवढंच त्यांचं कारण. त्यांचं कुवेतमधलं डोंगर चालणं तिथून सुरू झालं.

मला वाटतं मराठी माणसाच्या गडवेडाबद्दल इथून थोडं कडक बोलायला हरकत नाही. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड पायाखाली घातले, 'दुर्गभ्रमणगाथा' लिहिली, लोकांना घेऊन हिंडले. त्यांच्यामुळे एका पिढीने पिशवी उचलली. आज आपण सुट्टीला गेलो की राजगडला काय पाहतो? चोर दरवाजाच्या वाटेवर रांग, गळ्यात स्पीकर, पद्मावती माचीवर ड्रोन. माणसं गडावर येतात ती बहुतेक आपलीच आरती ओवाळायला. घोषणा झाली, झेंड्यासोबत फोटो झाला, उतरले. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कशासाठी आहे हे विचारायला उसंत नाही, कारण उत्तर आधीच ठाऊक आहे: आपण शूर होतो म्हणून. २०२५ सालच्या जुलैत युनेस्कोने जी १२ स्थळं जागतिक वारशात घेतली त्यांचं नाव नीट वाचा. त्यांनी बारा किल्ले घेतलेले नाहीत. त्यांनी मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश घेतला आहे. साल्हेरपासून जिंजीपर्यंत, डोंगरी गडापासून खांदेरी-सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गापर्यंत. सन्मान मिळाला आहे तो डोंगर, खिंड, पाणी, समुद्र आणि माणसाने बांधलेला तट यांच्या एकमेकांशी असलेल्या हिशेबाला. तो हिशेब वाचायचा तर आधी जमीन वाचता आली पाहिजे. आणि जमीन वाचायची सवय लागते ती जिथे आपल्या नावाची कमान नाही तिथे. माझी सगळी वकिली एवढ्याचसाठी आहे.

चालण्याबद्दल दोन-चार कामाच्या गोष्टी. नोव्हेंबर मध्य ते मार्च मध्य हा इथला तंबूंचा हंगाम. कुवेती कुटुंबं 'बर'ला, म्हणजे माळावर, मुक्काम ठोकतात, आणि आपणही त्याच दिवसांत निघायचं. एरवी नाही. वायव्येच्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. त्या उन्हात डोंगर काय, पार्किंगपर्यंत जाणंही मोहीम आहे. जाल अझ-झोरचा मोठा भाग सबाह अल-अहमद राखीव क्षेत्रात येतो, तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. मुतलाच्या बाजूला युद्धाचे अवशेष आहेत. पुष्कळ साफसफाई झाली, पण मोठ्या पावसात जमीन धुपली की जुने सुरुंग अजून वर येतात. म्हणून मळलेली चाकोरी सोडायची नाही आणि जमिनीवरचा धातूचा तुकडा उचलायचा नाही. मुलं बरोबर असतील तर हे गाडीतून उतरण्याआधी सांगायचं, उतरल्यावर नाही.

घळीतून चढायला लागलात की आपला घसारा भेटतो, जरा बारीक. खाली घट्ट माती आणि वर सुटे गोटे. पूर्ण पाय टाकलात तर गोटे चाकासारखे फिरतात. चढताना चवडा दाबून, उतरताना टाच रोवून, शरीर किंचित मागे. लिंगाण्याच्या वाटेवर भलीभली माणसं जशी बसून उतरतात तशी इथेही उतरायला लाजू नये. घळींच्या मधल्या सोंडा वारा कापून काढतो, त्या वरून भक्कम दिसतात आणि कडेला पोकळ असतात. काठापासून हातभर लांब. संध्याकाळी कोरडी थंडी पडते. कानटोपी न्या. हसू नका, न्या.

माथ्यावर दगडांच्या राशी दिसल्या तर त्या वाटेच्या खुणा समजू नका. सह्याद्रीत आपण दगडावर दगड ठेवून मागून येणाऱ्याला खूण करतो, तोच हात इथे शिवशिवतो. यातल्या बऱ्याच राशी थडगी आहेत, कांस्ययुगापर्यंत मागे जाणारी. सुबिया भागात कुवेती आणि पोलिश पुरातत्त्वज्ञांनी त्या खणून अभ्यासल्या आहेत. त्यांनीच बहरा इथे सात हजार वर्षांपूर्वीची वस्ती उघडी केली. जवळच सुबियाच्या किनाऱ्यावर ब्रिटिश पथकाला त्याच काळातले डांबराचे तुकडे सापडले. एका बाजूला बोरूचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या शंखकिड्यांच्या खुणा. म्हणजे बोरूची होडी, तिला बाहेरून डांबर, आणि ती समुद्रात चाललेली. जगातल्या सर्वांत जुन्या समुद्री होड्यांच्या अवशेषांत त्याची गणना होते. त्या होडीवाल्यांना किनारा सापडायचा तो बहुधा हीच धार पाहून. कोकणातले खलाशी गडाच्या बुरजावरून बंदर ओळखायचे, त्यातलाच प्रकार. पुढे पहिल्या शतकातल्या पेरिप्लसमध्ये पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भरूचला जातो, आणि भरूचहून सागवान, चंदन इकडे आखाताच्या टोकाला अपोलोगसला येतं, अशी नोंद आहे. बसऱ्याजवळचं ते बंदर मुतलाच्या पलीकडे, उत्तरेला. काकांना ही नोंद फार आवडायची. "आपण काही नवीन आलेलो नाही," म्हणायचे, आणि मग सिव्हिल आयडी संपल्याची आठवण होऊन गप्प बसायचे.

झाडांबद्दल एकच नाव घेतो. हॅरल्ड डिक्सन हे ब्रिटिशांचे इथले पोलिटिकल एजंट. त्यांची पत्नी व्हायोलेट १९२९ साली इथे आली आणि पुढे जवळजवळ सगळं आयुष्य इथेच राहिली. बदू बायकांबरोबर माळ तुडवून तिने कुवेत आणि बहारिनच्या रानफुलांचं पुस्तक केलं, १९५५ साली. पिवळ्या फुलांचं अरफज आज कुवेतचं राष्ट्रीय फूल आहे. वस्मचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडचा, पाऊस चांगला झाला तर मार्चमध्ये ते कड्यामागच्या माळावर दिसतं. कास पठारासारखा गालिचा समजून जाल तर निराश व्हाल. ते झुडूप झुडुपापासून चार हात लांब राहतं. पाणी तेवढंच आहे.

चालताना सगळ्यांत जास्त शिकवलं ते उंट राखणाऱ्यांनी. त्यातले बहुतेक सुदानी, काही बांगलादेशी, एखादा राजस्थानचा. मालक शहरात, हा माळावर, एका पत्र्याच्या टाकीच्या आधाराने. आपल्याकडे नकाशात नसलेली वाट जशी धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्याला विचारायची, तशी इथे यांना. कोणत्या घळीतून पावसाचं पाणी उतरतं, कुठे गाडी रुतते, कुठे तारेचं कुंपण गेल्या वर्षी हललं, हे त्यांना पाठ असतं. घळींना त्यांची नावं असतात, आणि ती नकाशावरच्या नावांशी बरेचदा जुळत नाहीत. काकांच्या वहीत अशी बरीच नावं आहेत. मराठीत, पेन्सिलीने, शेजारी बाण काढून. ही वही त्यांच्या मुलीने मला दिली आहे.

तर मंडळाकडे माझी मागणी अशी आहे. दरवर्षी या व्याख्यानावर हॉलचं भाडं, हार आणि समोसे यांचा जो खर्च होतो त्यातला काही भाग पुढच्या वर्षी त्या वहीवर करावा. तिच्यातल्या वाटांपैकी ज्या आज परवानगीने, सुरक्षितपणे चालता येतात त्या हंगामात चालून पाहायच्या, ज्या येत नाहीत त्यांवर तसं लिहायचं, आणि नावं कुणाकडून कळली तेही लिहायचं. अरबी नावांचे उच्चार तपासायला इथे जन्मलेली आपली मुलं आहेत. ती शाळेत अरबी शिकतात आणि आपल्यापेक्षा बरी बोलतात. पहिली फेरी डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, मुतलाच्या बाजूने, सकाळी साडेसहाला. माणशी तीन लिटर पाणी. नावं बाहेर टेबलावर द्या, आणि ज्यांची गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे त्यांनी ते नावापुढे लिहा. मागच्या वेळी कुणी लिहिलं नव्हतं.